वाट बघणारा गज

बार्नाबे मारोल माझ्या खालच्या मजल्यावर राहायचा, त्यामुळे त्याच्या प्रत्येक शिष्याचं प्रत्येक चुकलेलं पाऊल मी माझ्या तळव्यांनी ऐकलेलं आहे. आमच्या वाजंत्र्यांच्या गल्लीतली घरं अशीच, एकावर एक रचलेली. खाली कुणी शिंकलं तर वरच्याने 'देव भलं करो' म्हणायचं. सकाळपासून त्याच्याकडे पोरं यायची. कापडवाल्याचा मुलगा, वकिलाचा पुतण्या, लग्न ठरलेला एखादा मेणबत्तीवाला. सगळ्यांना थोरामोठ्यांसारखं चालायला, वाकायला आणि मिन्युएट नाचायला शिकायचं असायचं. बार्नाबे कोटाच्या लांब खिशातून लाटण्याएवढं व्हायोलिन काढायचा, छातीशी टेकवायचा, तारांवर गज ओढायचा, आणि वाजवता वाजवता स्वतःही पावलं टाकून दाखवायचा. आमच्या बिरादरीत हा पिढ्यान्‌पिढ्या एकच धंदा होता. जो नाच शिकवतो तोच वाजवतो, आणि ज्याला दोन्ही येत नाही त्याने बिरादरीत येऊ नये.

मी मात्र जाडं व्हायोलिन वाजवतो, खुर्चीत बसून, दोन गुडघ्यांत धरून. मला नाचायची सक्ती कुणी केली नाही, याबद्दल मी आणि पॅरिस शहर दोघंही देवाचे ऋणी आहोत.

बार्नाबेच्या वाजवण्यात एक खोड होती. मी खोड म्हणतो, तो माया म्हणायचा. शिष्याचा पाय अडखळला की त्याचा गज थांबायचा. सूर तुटायचा नाही, नुसता लांबायचा, जिन्यात म्हाताऱ्याला हात द्यावा तसा. पाय जमिनीला टेकला की मग पुढचा सूर. पोराला कळायचंही नाही की आपण चुकलो. भिंतीशी बसलेल्या त्याच्या आईला तर मुळीच कळायचं नाही. ती म्हणायची, "आमच्या तिबोला उपजतच ताल आहे हो." बार्नाबे वाकून म्हणायचा, "आहेच, बाईसाहेब." आणि तो तिबो दुसऱ्या दिवशी पुन्हा बैलासारखा यायचा.

एकदा तो मेणबत्तीवाला तणतणत आला. स्वतःच्या लग्नात, भाड्याने आणलेल्या वाजंत्र्यांपुढे, तो नवरीच्या झग्यावर पाय देऊन पडला होता. म्हणाला, दालनाची फरशीच उतरती होती. नाचता येईना अंगण वाकडं. पण बार्नाबेला वाईट वाटलं. तेव्हापासून शिष्याचं लग्न असलं की हा न बोलावता व्हायोलिन घेऊन हजर. मी त्याला म्हणायचो, "अरे, तू शिकवलंस की नुसतं धरून ठेवलंस?"

"लोबिनो," तो म्हणायचा, "पाय बिचारे माणसाचे असतात. सुराला थांबायला काय जातं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. पण त्याच्याकडचं सूप माझ्याकडच्या सुपापेक्षा चांगलं असायचं, म्हणून मी वाद वाढवत नसे.

ते सूप त्याची मुलगी करायची. मातुरीन. तिची आई तापात गेली तेव्हा ती एवढीशी होती. बापाने तिला चूल दिली आणि नाच दिला, देण्यासारखं दुसरं त्याच्याकडे काही नव्हतं. नाच शिकायला पोरांना जोडीदारीण लागते, ती ही व्हायची. गावातल्या निम्म्या व्यापाऱ्यांच्या पोरांनी तिच्या पायांवर पाय देऊन सभ्यपणा शिकून घेतला. शिष्य गेले, खुर्च्या मागे सरकवल्या, की मग ती एकटी नाचायची आणि बाप वाजवायचा. ते मी वरून ऐकायचो नाही, खाली उतरून बघायचो. मी आयुष्यभर नाचणाऱ्यांच्या पायाशी बसून वाजवलंय, राजवाड्यातही वाजवलंय, आणि नाचणाऱ्यांचं मला फारसं कौतुक नाही. पण ती हात उचलायची तेव्हा मी पाइप खाली ठेवायचो.

आठ-नऊ वर्षांची असताना पाण्याची बादली घेऊन जिन्यावरून पडली आणि तिचा घोटा सुजला. महिनाभर लंगडली. नंतर नाचायला लागली तेव्हा एका पायावरची गिरकी घेऊन खाली टेकताना तिला किंचित वेळ लागायचा. बाप तिथे थांबायला लागला. पुढच्या हिवाळ्यापर्यंत घोटा ठणठणीत झाला. पण दुधाने तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो. बार्नाबेचा गज त्या गिरकीपाशी थांबतच राहिला, पोरही त्या थांबण्यात टेकत राहिली. कोण कुणासाठी थांबतंय हे त्या दोघांनाही कळेनासं झालं. मलाही तेव्हा कळलं नव्हतं. मी बघत होतो फक्त हात.

त्या वर्षांत आमच्या बिरादरीचे दिवस फिरले होते. राजाने नृत्याचार्यांची एक वेगळी सभा काढली होती, आणि त्या सभेतल्या विद्वानांनी जाहीर केलं होतं की नाच ही स्वतंत्र विद्या आहे, तिला व्हायोलिनची गरज नाही. आमच्या गल्लीत लोक पोट धरून हसले. मग एकेक शिष्य त्या सभेच्या आचार्यांकडे गेला, आणि हसणं थांबलं. तिकडे राजाही वयाने जड झाला, त्याने स्वतः नाचणं सोडलं, आणि राजवाड्यातला नाच शहरातल्या नाट्यगृहात उतरला. तिकीट काढून बघायचा. राजवाड्यात राण्या आणि सरदारणी नाचायच्या, पण इथे शहरात बाईचं काम बाप्याच करायचा, दाढी खरडून, मुखवटा लावून. मी त्या नाट्यगृहात जाडं व्हायोलिन वाजवायचो. मुखवट्याखालून वनदेवीचा घाम माझ्या वाद्यावर गळायचा.

मग एका शरद ऋतूत बातमी आली. नाट्यगृहाला पहिल्यांदाच खऱ्या मुली हव्या होत्या, नाचायला. चार.

मीच ती बातमी खाली नेली. मातुरीन सुपासाठी लीकची पात चिरत होती. तिने सुरी ठेवली, हात पुसले, आणि म्हणाली, "काका, थट्टा करत असाल तर आज सूप मिळणार नाही."

"थट्टा नाही गं."

ती बापाकडे बघायला लागली. आमच्या बिरादरीत मुलीला आचार्य होता येत नाही. बाप गेला की त्याचा परवाना जातो, आणि मुलगी कुणाची तरी चूल सांभाळायला जाते. वीस वर्षांची ही पोर, अंगात एवढा नाच, आणि तो दाखवायला जागा म्हणजे स्वयंपाकघराबाहेरची चार फळ्यांची जमीन. तिच्यासाठी हे एकच दार होतं, आणि तेही पुन्हा कधी उघडेल याची खात्री नव्हती.

बार्नाबे म्हणाला, "जाईल. का नाही जाणार? हिच्याएवढं त्या चार जणींत कोण असणार आहे?"

नाट्यगृहामागच्या लांब दालनात परीक्षा होती. तिथे ताल धरायला गोबिनेसाहेब असायचे, संगीताच्या मुख्याधिकाऱ्यांचे मदतनीस. हातात जाड छडी, ती जमिनीवर आपटायची. त्या छडीला दयामाया नव्हती, आणि असून चालणारही नव्हती. पंचवीस वाजवणारे आणि डझनभर नाचणारे एकत्र आणायचे तर एकाच्या पायासाठी थांबता येत नाही. व्हायोलिनवाले आमच्या बिरादरीचे, पाळीपाळीने येणारे. जाडं व्हायोलिन मात्र कायम माझं. बापलोकांना आत येऊ देत नसत. बार्नाबे अंगणात घोड्यांपाशी उभा राहिला.

मातुरीन साराबांद नाचली, तो संथ, डौलाचा नाच. सुरुवात झाली तेव्हा गोबिनेसाहेबांची भुवई वर गेली, आणि मला वाटलं, झालं काम. मग मला ऐकू यायला लागलं. छडी पडत होती, तिच्याबरोबर आमचे सूर पडत होते, आणि ती प्रत्येक वळणावर केसभर मागे. पाय चुकत नव्हता, हात चुकत नव्हता, पण कुणी हाक मारील म्हणून दारात रेंगाळावं तशी ती प्रत्येक सुरावर रेंगाळत होती. गिरकीपाशी तर आम्ही पुढे गेलो आणि ती मागेच राहिली.

गोबिनेसाहेबांनी छडी काखेत धरली. "पोरी, पाय छान आहेत. मान छान आहे. पण तू कुणाची वाट बघतेस?"

"कुणाचीच नाही, साहेब."

"बघतेस. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघतेस." ते रागावले नव्हते. "तीन जागा भरल्या. एक ठेवतो. तू आणि ती कातडीवाल्याची मुलगी, दोघी ही शहरातली जत्रा संपली की पुन्हा या. तोवर हे वाट बघणं सोडून ये."

ती कातडीवाल्याची मुलगी मी पाहिली होती. पाय जड, चेहरा दगडी. पण पाऊल छडीबरोबर पडत होतं.

घरी आल्यावर मातुरीनने झगाही बदलला नाही. "बाबा, सरळ वाजवा. माझ्याकडे लक्षच देऊ नका."

"नाही देत," बार्नाबे म्हणाला, आणि वाजवायला लागला.

"थांबलात."

"कुठे थांबलो?"

"काका, थांबले ना हे?"

"चिखलात गाडी थांबावी तसा थांबलास," मी म्हणालो.

त्याने पुन्हा वाजवलं. पुन्हा थांबला. मग मातुरीनने त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, म्हणजे पाय दिसायला नकोत. तो भिंतीकडे बघून वाजवत राहिला, आणि गिरकीपाशी थांबला. पाय ऐकू येतात, असं म्हणाला. मग तिने त्याच्या कानांत लोकर कोंबली, वरून टोपी ओढली. भिंतीकडे तोंड, कानात बोळे, असा आमचा नृत्याचार्य उभा. मला हसू आवरेना. वाजवलं, आणि बरोबर त्याच जागी गज लांबला. मी वाकून बघितलं. त्याने जोडे काढले होते. फळ्यांमधून तिची पावलं त्याच्या तळव्यांना कळत होती.

मातुरीन आधी हसली. मग खाली बसली, भिंतीला टेकून.

"बाबा, एकदा पडू द्या ना मला."

"नाही जमत गं," तो म्हणाला. टोपी काढून हातात धरली होती, आणि कानांत लोकर तशीच होती, त्यामुळे तो उगाच मोठ्याने बोलत होता. "मी ठरवतो. हात ऐकत नाही."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे मला तेव्हाच म्हणायचं होतं. पण त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

शेवटी ते काम माझ्या गळ्यात पडलं. रोज दुपारी मी जाडं व्हायोलिन खाली उतरवायचो, टाचेने जमिनीवर ताल आपटायचो, आणि वाजवायचो. मी मुळात निर्दय माणूस, आणि जाडं व्हायोलिन माझ्याहून निर्दय. ते थांबतच नाही, त्याचा सूर एकदा सुटला की गाडगं गडगडल्यासारखा पुढे जातो. पहिले काही दिवस मातुरीन पडली. खरोखरची पडली, गुडघे फुटले. उठायची, झगा झटकायची, म्हणायची, "पुन्हा, काका." मी पुन्हा. त्या वेळात बार्नाबेला घराबाहेर काढलेलं असायचं, कारण घरात असला की तो प्रत्येक पडण्याला श्वास घ्यायचा आणि ती त्या श्वासाकडे बघायची. तो नदीवर जायचा. येताना पेअर आणायचा, पाव आणायचा, आणि दारातून विचारायचा, "जमलं?"

एकदा मी गजाला लावायची राळ आणायला म्हणून दार उघडलं तर हा जिन्यावरच बसलेला. पायरीवर, दाराला पाठ लावून. उजवा हात हवेत, अदृश्य गज ओढत होता. आत मातुरीन पुढची पावलं मोजून बघत होती. गिरकीपाशी बार्नाबेचा हात थांबला. आत तिचा पाय केव्हाच टेकला होता.

"उद्यापासून पुलापर्यंत जा," मी म्हणालो. "इथे बसू नकोस."

"बरं," तो म्हणाला. आणि गेलाही, मुकाट्याने.

जत्रा संपता संपता मातुरीनला जमलं. आपोआप नाही, झगडून जमलं. माझ्या टाचेबरोबर तिचा पाय टेकायला लागला, केसभरही मागे नाही. पहिल्यांदा गिरकी वेळेवर टेकली तेव्हा ती स्वतःच दचकली. "काका, हे एवढंच होतं?" एवढंच होतं. मला आनंद झाला, आणि खोटं कशाला सांगू, थोडी भीतीही वाटली, की आता हिला बापाचं वाजवणं गोड लागणार नाही.

परीक्षेच्या आठवड्यात बिरादरीच्या पाळीत बार्नाबेचं नाव लागलं. मातुरीनने त्याला समोर बसवून शब्द घेतला. "बाबा, तुम्ही यायचं नाही. वाजवायला नाही, अंगणात नाही, कुठेच नाही."

"पाळी बदलून घेतली," तो म्हणाला. "मी पुलावर असेन."

त्या दिवशी सकाळी दालनात मी वाद्य लावत होतो, आणि सहावा व्हायोलिनवाला आत आला तो बार्नाबे. खिशातलं नाही, नेहमीच्या मापाचं व्हायोलिन घेऊन, रविवारचा कोट घालून.

"बदलली होतीस ना पाळी?"

"परत घेतली."

"अरे, तू पोरीला शब्द दिलास."

"पाठमोरा बसतो, लोबिनो. बघणार नाही. शपथ." त्याचा चेहरा पांढराफटक होता. "ती इथे नाचणार आणि मी पुलावर पाणी बघत उभा राहणार. गेलो होतो पुलावर. नाही राहवलं."

मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं असतं. पण गोबिनेसाहेब आले, आमच्या खुर्च्या एका ओळीत, बोलायची सोय राहिली नाही. बार्नाबे खरोखर पाठमोरा बसला. दुसऱ्या दाराने मुली आल्या. मातुरीनने त्याची पाठ पाहिली. मी तिच्याकडे बघत होतो, म्हणून सांगतो: तिने ती पाठ ओळखली, आणि खांदे किंचित खाली आले.

आधी कातडीवाल्याची मुलगी नाचली. जड, वेळेवर. मग मातुरीन.

छडी पडली. पहिल्या सुरापासून ती छडीवर होती. एकेक वळण, एकेक थांबा, सगळं जागच्या जागी, आणि वर हात तेच, जे बघून मी पाइप खाली ठेवायचो. आता ते हात वेळेवर येत होते. गोबिनेसाहेबांची मान हलायला लागली. माझ्या शेजारचा म्हातारा रिशो वाजवता वाजवता पुटपुटला, "अरे बापरे." बार्नाबेही सरळ वाजवत होता. मला वाटलं, देवाने ऐकलं.

गिरकी आली. ती एका पायावर फिरली, आणि मला तिच्या घोट्यावरून दिसत होतं की ती वेळेवर टेकणार आहे. ती चुकत नव्हती. तेवढ्यात बार्नाबेचा गज थांबला. इतक्या वर्षांचं ते थांबणं, भिंतीकडे तोंड करून, काही न बघता. पाच व्हायोलिनं पुढे गेली, मी पुढे गेलो, छडी पुढे गेली. एकच सूर मागे लांबत राहिला, फार तर एका श्वासाएवढा. आणि मातुरीन वर थांबली. तिचा पाय खाली येत होता तो हवेतच थांबला, त्या एका सुरासाठी, आणि त्याच्याबरोबर टेकला. मग ती आमच्या मागे धावली. शेवटपर्यंत आम्हाला गाठू शकली नाही.

छडी थांबली.

बार्नाबे उठला. वाजवणाऱ्याने तिथे उठून बोलायची पद्धत नाही. "साहेब, चूक माझी आहे. मी थांबलो. ती बरोबर होती."

"तुम्ही थांबलात ते मी ऐकलं," गोबिनेसाहेब म्हणाले. "तुम्ही कोण हिचे?"

"बाप."

त्यांनी छडी पुन्हा काखेत धरली. "सहा व्हायोलिनं होती, मारोल. पाच पुढे गेली. ही एकटी तुमच्याबरोबर राहिली. मी हिला रंगमंचावर उभी केली तर तुम्हालाही रोज कोपऱ्यात उभं करावं लागेल. ते मला जमायचं नाही." मग मातुरीनला म्हणाले, "वाईट वाटतं, पोरी. खरंच वाटतं." आणि कातडीवाल्याच्या मुलीला खूण केली.

मी म्हणणार होतो, बापाला बाहेर काढा आणि पुन्हा एकदा बघा. तोंड उघडलंही. पण मातुरीनने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

घरी जाताना बार्नाबेच्या हातातून व्हायोलिन निसटायला लागलं, म्हणून ते तिने घेतलं. गल्लीत चिखल होता. तो मध्येच उभा राहिला.

"मला शिव्या दे."

"काय शिव्या देऊ, बाबा?"

"काहीही दे. मला वाटलं तू पडशील. तुझा घोटा..."

"घोटा कधीचा बरा झालाय," मी ओरडलो. माझा ताबा सुटला होता. "आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तुलाच तेवढं माहीत नव्हतं. बापाने एवढं करू नये रे."

"काका, गप्प बसा." मातुरीनने बापाचा दंड धरला. "मला तुमचं ऐकू आलं, बाबा. आणि मग दुसरं काही ऐकूच आलं नाही. ना छडी, ना काकांचं. म्हणून काकांना पुन्हा मागू दिलं नाही. पुन्हाही तेच झालं असतं."

मला त्या माणसाला थोबाडीत मारावीशी वाटत होती आणि मिठीही मारावीशी वाटत होती. दोन्ही केलं नाही. आम्ही तिघं घरी आलो आणि कालचं सूप गरम करून खाल्लं.

हिवाळ्यानंतर त्या चार मुली रंगमंचावर आल्या. पॅरिस वेडं झालं. बाहेर गाड्यांची रांग लागायची, उमराव उभे राहून टाळ्या वाजवायचे, आणि मी खाली बसून वाजवायचो. घरी मी काही सांगत नसे. एकदा मातुरीननेच विचारलं, वाटी पुढे सरकवता सरकवता.

"ती कातडीवाल्याची गिरकी कशी घेते?"

"जड."

"वेळेवर?"

"वेळेवर," मी म्हणालो. तिने मान डोलावली आणि पाव कापायला घेतला.

बार्नाबे शिकवत राहिला. दुसरं काय करणार? उरलेसुरले शिष्य यायचे, तो लाटण्याएवढं व्हायोलिन काढायचा. माझ्याशी बोलताना एकदा म्हणाला, "मी थांबणं सोडलंय, लोबिनो. खरंच सोडलंय. पोरं पडली तर पडू देत." पण मी वरून रोज त्याचं वाजवणं ऐकत होतो. तो सोडत नव्हता, आणि आता मी त्याला काही बोलतही नव्हतो.

एका सकाळी मी खाली विस्तव मागायला गेलो. बाहेरच्या खोलीत धान्यवाल्याचा लठ्ठ मुलगा मिन्युएट घोटत होता, स्वयंपाकघरात मातुरीन लीक चिरत होती, पाठमोरी. दार उघडं होतं. बार्नाबे वाजवत होता, आणि तिची सुरी फळीवर पडत होती, टक, टक, टक. मी चुलीपाशी वाकलो. बाहेर त्या पोराचा पाय अडखळला. गज थांबला. आणि सुरीही थांबली, हवेत, लीकच्या वर. पोराचा पाय टेकला, सूर सुटला, सुरी खाली आली. मातुरीन दुसरंच काहीतरी बोलत होती, कांदे महागले म्हणून, मध्ये शब्दही थांबला नव्हता. तिला माहीतच नव्हतं.

मी मान वर केली. बार्नाबे दारातून तिच्या हाताकडे बघत होता. त्याने वाजवणं थांबवलं नाही, शिष्य समोर होता. वाजवत वाजवतच तो आला आणि पायाने स्वयंपाकघराचं दार लोटून बंद केलं.

आत मी आणि मातुरीन. भिंतीपलीकडे मिन्युएट, अर्धवट ऐकू येणारी. थोड्या वेळाने ते पोर पुन्हा अडखळलं असावं.

सुरी थांबली.